गळकी राजदूत

मला वाळूजच्या कंपनीत काम लागलं आणि पहिला आठवडा सरायच्या आत मी साजापूरच्या वळणावर तोंडावर आपटले. एकटी नव्हे, राजदूत, नवरा आणि मी, तिघंही एकदम. गाडी डाव्या कुशीवर, नवरा अर्धा गाडीखाली आणि मी रस्त्याकडेच्या घाणेरीत. कोपर सोलून निघालं, गुडघा टरारून सुजला. तरी मला सगळ्यात आधी राग आला तो पहिली पाळी हुकणार याचा.

उठून पाहते तर मागचं टायर तेलानं चकाकत होतं. खड्डा नाही, वाळू नाही, समोरून कुणी आलेलं नाही. गाडी स्वतःच्याच तेलावरून घसरली होती.

"आवं, टायराकडं बघा," मी म्हटलं.

"बघतो. आधी माझा पाय तर काढू लाग," मल्हारी म्हणाला.

मल्हारी माझा नवरा. त्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण सांगताना दर ओळीला 'आमचे हे' म्हणत बसले तर गोष्ट इथंच मुक्काम करील. म्हणून मल्हारी.

आम्ही पडेगावला राहतो, दौलताबादच्या रस्त्याला वस्ती संपते तिथं. घर धनगराचं. माझे सासरे केरबा यांचा मोठा कळप होता. मल्हारी वाळूजला मशीनवर कायम झाला तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि देवगाव रंगारीच्या एका दूधवाल्याकडून ही राजदूत आणली. पोराला शिफ्टला जायला गाडी पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढं सासरे वारले. घरात राहिल्या माझ्या सासूबाई दगडाबाई, दोन शेळ्या आणि राजदूत. गाडीला नावं ठेवायची सोय नव्हती, कारण त्या गाडीत अख्खा कळप गेलेला. अंगणात ती उभी राहते तिथं जमिनीला काळा डाग पडला होता, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. जुनी गाडी म्हटल्यावर ती गळायचीच, असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा, पडेपर्यंत.

माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं. रंगीत वायरी फळीवर मांडायच्या, बांधायच्या, पुढं सरकवायच्या. हॉलभर नुसत्या बाया. पहिल्या दिवशी निळा कोट अंगावर आला तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला लाज कसली? लई भारी वाटलं. माहेरी मेंढरांमागं हिंडले, सासरी शेळ्यांमागं. माझं नाव पुकारून कुणी हजेरी घेतली ती पहिल्यांदाच. पण कंपनीची बस नगर नाक्यावरून जाते, पडेगावकडं ती फिरकत नाही, आणि इतक्या सकाळी रिक्षा, जीप काहीच मिळत नाही. मल्हारीची आणि माझी पाळी एकच. म्हणजे हिशेब सरळ होता: राजदूत असेल तर नोकरी, नाहीतर शेळ्या.

आम्ही दोघं लंगडत घरी आलो. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, माझं कोपर पाहिलं, फाटलेलं लुगडं पाहिलं, आणि देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी उचलली. शहराशेजारच्या सातारा गावच्या खंडोबाचा भंडारा. आमच्या घरात हळदीची ती चिमूट हातात धरून बोललेलं कुणी मागं घेत नाही.

"ही गाडी गळती तवर सुगंधा तिच्यावर बसणार नाय," त्या म्हणाल्या. "मल्हाराची आण हाय."

"आये, ती तर जल्मापासून गळती," मल्हारी म्हणाला.

"मग नाय बसणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, यांना हेच पाहिजे होतं. सुनेनं कंपनीत जाणं यांना पहिल्यापासून रुचलं नव्हतं, आता देवाच्या नावानं कायमचा बंदोबस्त झाला. मी तशीच रस्त्यावरच्या फोनच्या टपरीत गेले आणि कंपनीतल्या सुपरवायझर बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सोमवारपर्यंत थांबते, मग मात्र तुझ्या जागेवर दुसरी घ्यावी लागेल. फोन ठेवला आणि मला एक गोष्ट सुचली. आत्यांनी गाडीवर बसू नको असं म्हटलं नव्हतं. गळते तोवर बसू नको म्हटलं होतं. मग गळायचं थांबवायचं, एवढंच काम उरलं.

"मिस्त्रीकडं चला," मी मल्हारीला म्हटलं.

"तू कशाला? गुडघा बघ तुझा."

"गुडघा गळत नाय. चला."

मल्हारी गाडीवर आणि मी मागून काळ्यापिवळ्या जीपनं, अशी आमची वरात छावणीत पोहोचली. सांडू मिस्त्री तिथले जुने. केरबांच्या वेळेपासून राजदूतला त्यांचाच हात. शेख सांडू त्यांचं नाव, पण सगळं पडेगाव त्यांना सांडूभाई म्हणतं. त्यांनी बसकं स्टूल मला दिलं, स्वतः उकिडवे बसले आणि गाडीच्या पोटाखाली बोट फिरवून माझ्यासमोर धरलं.

"देखो भाभी, ये काला तेल. सूंघो."

मी वास घेतला. धुराचा, जळका वास.

"ये सायलेन्सर के मू से टपकता. पेट्रोल में तेल मिलाके पीती ना ये, तो थोडा जलता, थोडा बाहर थूकती. इस्से कुच नै होता." मग त्यांनी दुसरं बोट मागच्या चेनजवळ फिरवलं. "और ये देखो."

हे तेल दाट, मधासारख्या रंगाचं होतं. जळका वास नाही.

"गिअरबॉक्स का. इसनेच तुमकु गिराया."

एकाच गाडीच्या पोटात दोन तेलं आणि दोघांच्या वाटा वेगळ्या, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मल्हारीला ठाऊक होतं म्हणे. मग सांगितलं का नाही, तर म्हणे तू विचारलं नाहीस.

सांडूभाईंनी चेन ज्या दात्यावर फिरते त्याच्या मागचं रबरी सील बदललं. गाडी कोरडी होऊन घरी आली. मी अंगणात जुना पुठ्ठा अंथरला आणि गाडी त्यावर उभी केली. दुसऱ्या दिवशी मल्हारी पाळीवरून आला, तर चेनकडची बाजू ठीक, पण किकच्या दांड्यातून तेलाची धार. परत छावणी. किकच्या दांड्याची रबरी रिंग नवी पडली. त्याच्या दुसऱ्या दिवशी किक कोरडी आणि क्लचच्या झाकणाच्या कडेनं पाझर. तिथलं पॅकिंग बदललं, वरून शेलॅकचा चिकट थर चोपडला. तर ज्या सीलपासून सुरुवात केली होती तेच सील पुन्हा ओलं!

"भाभी, ये गाडी मेरेकु मानतीच नै अब," सांडूभाई म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "सील नवा, पॅकिंग नवी. एक तरफ से बंद करो तो दुसरी तरफ से निकलती."

आत्या ओट्यावर बसून रोज हे पाहत होत्या. बोलत काही नव्हत्या. त्यांचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त झोंबत होतं. रोज सकाळी मल्हारी निघाला की त्या वाटी घेऊन यायच्या आणि गाडीला भंडारा लावायच्या. आधी फक्त रविवारी लावायच्या, आम्ही पडल्यापासून रोज. ते पाहिलं की मला वाटायचं, या गाडीला नाही, माझ्या नोकरीला टाळा लावतायत.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या द्वारकाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सुगंधे, सोड की नाद. पुढं लागंल दुसरी नोकरी." चांगल्या मनानं म्हणाल्या, पण मला कुणी सोड म्हटलं की माझी मूठ आणखी आवळते. ही माझी खोड माहेरची आहे.

शनिवारी पहाटे मी गाडी धुवायला घेतली. रॉकेल, ब्रश, मग सोड्याचं पाणी. इंजिनच्या सांध्यासांध्यातलं वर्षानुवर्षांचं किटण काढलं. फडक्यानं पुसून काढलं, सुकू दिलं. मग घरातून माझा पावडरचा डबा आणला आणि सगळ्या इंजिनवर पांढरी पावडर उडवली. मेंढीची जखम वाहायला लागली की माझा बा असंच करायचा. लोकर कातरायची, जागा पुसायची, राख उडवायची आणि बघायचं, ओल पहिल्यांदा कुठं उमटते. कारण वाहतं एका जागी आणि जखम असते वर, दुसऱ्या जागी.

मल्हारी दात घासत उभा होता.

"पावडर लावलीस, आता काजळ बी लाव. गजरा मी आणतो."

"हासा. पण येताना थांबू नगा कुठं. गाडी तापलेली असताना मला बघायचीय."

तो तसाच पांढऱ्या गाडीवर कंपनीत गेला. गेटवर पोरांनी विचारलं म्हणे, गाडीचं लग्न हाय का. संध्याकाळी आला तेव्हा मी अंगणात वाट पाहतच होते. त्यानं गाडी पुठ्ठ्यावर घेतली आणि मी खाली वाकले. मला वाटलं होतं एक जागा सापडेल. एक ओघळ, त्याच्या वरच्या टोकाला एक भोक, संपलं. पण पावडरीवर ओल तीन ठिकाणी होती. चेनकडं, किककडं आणि क्लचच्या झाकणाच्या कडेला, तिन्हीकडून एकदम.

मी खालीच बसले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. राग त्याच्या आधी आला. एक जागा गळते ते समजतं. नव्या सीलसकट सगळ्या जागा एका वेळी कशा गळतील? आणि सकाळी थंड गाडी उभी असते तेव्हा पुठ्ठ्यावर ठिपका पडत नाही. गाडी गरम झाली, लांब चालली, की मगच गळते.

"आत तेल तरी उरलं का बघा," मी म्हटलं.

मल्हारीनं गिअरबॉक्सच्या वरच्या गोल झाकणावर फडकं धरून पिळलं. झाकण अर्धा आटा फिरलं आणि आतून आवाज आला. फुस्स. जोरात, लांबलचक. मागून तेलाचा फेस वर आला.

मी ताडकन उठले. तो आवाज मला पाठ होता. लहानपणी पावसाळ्यात ओला घास खाऊन मेंढी फुगायची. बा तिच्या डाव्या कुशीवर टिचकी मारायचा, ढोलासारखा आवाज आला की म्हणायचा, हवा कोंडली. मग तिथं सुई टोचायची आणि असाच फुस्स आवाज यायचा. मेंढी उठून उभी राहायची.

"हिला पोटफुगी झालीय," मी म्हटलं.

"कुणाला?"

"तुमच्या राजदूतला. आतली हवा तापती, फुगती. तिला बाहेर पडायला वाट नाय, म्हणून ती तेलाला ढकलती. जिथं जरा फट गावंल तिथनं. सील नवं असू दे नायतर जुनं."

मल्हारी कंपनीत मशीनवर काम करतो. त्याला दाब म्हणजे काय ते समजतं. तो झाकणाकडं बघत म्हणाला, "असं करू. झाकण काढून फडकं बांधतो सैल आन् दौलताबादपोतर जाऊन येतो. तू पावडर मार परत."

तो जाऊन येईपर्यंत मी ओट्यावर बसले नाही, अंगणातच फेऱ्या मारल्या. गुडघा ठणकत होता. गाडी आली, पुठ्ठ्यावर चढली. मी वाकून पाहिलं. पावडर पांढरीफेक. चेनकडं कोरडी, किककडं कोरडी, क्लचकडं कोरडी. फक्त वरच्या फडक्याला थोडं तेल उडालेलं. मी मल्हारीचा हात धरून गदागदा हलवला. भर अंगणात, सासू समोर असताना. त्यालाच लाज वाटली.

पण फडकं बांधून रोज वाळूजला जाता येत नाही. रविवारी सकाळी आम्ही पुन्हा छावणीत, तो गाडीवर, मी जीपनं. सांडूभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"या अल्ला! हवा का रास्ता! मैं सील सील करता बैठा. भाभी, ढक्कन में सुराख रैता. बारीक. उसमें सेच सांस लेती गाडी. दिखाव ढक्कन."

मल्हारीनं खिशातून झाकण काढलं. सांडूभाईंनी हात पुढं केला आणि मधेच थांबवला.

झाकण रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, गोल, मधे किंचित खोलगट. आणि त्या खोलगट जागी भंडारा. पिवळा म्हणावा तर तसा नाही. तेल पिऊन पिऊन तांबूस झालेला, थरावर थर बसून दगडासारखा कडक. केरबांनी गाडी आणली त्या दिवसापासूनचा. आत्यांनी गाडीला ओवाळलं तेव्हा त्यांना हेच तिचं कपाळ वाटलं होतं, कारण गोल होतं, वर होतं आणि टिळ्याला बरोबर मधे जागा होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून भंडारा खोबरेल तेलात कालवून अंगठ्यानं दाबून लावायचा, ही त्यांची पद्धत.

"इसकु मैंने कब्बी हात नै लगाया," सांडूभाई हळू आवाजात म्हणाले. "अम्मा का देव है ना उसपे. मैं बाजू से कपडा लगाके खोलता, वैसाच बंद करता."

मल्हारीनंही कधी पुसलं नव्हतं. मीही नाही. काल मी अख्खं इंजिन रॉकेलनं घासलं, सांधासांधा कोरला आणि या झाकणाला मात्र ब्रश लागू दिला नाही. देवाचं म्हणून एवढी एक जागा सगळ्यांनी मिळून सांभाळली होती आणि भोक नेमकं त्याच जागेच्या खाली होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाईट आनंद. घरी जाऊन ते झाकण आत्यांच्या पुढ्यात ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, कुणी पाडलं मला. आठवडाभर जे गिळलं होतं ते सगळं एकदम बाहेर काढायचं. मला तर वाक्यंसुद्धा सुचत होती.

सांडूभाईंनी डब्यातून दुसऱ्या एका मोडक्या राजदूतचं झाकण शोधलं. भोक उघडं, स्वच्छ. "ये लगाव. काम हो गया."

मल्हारीचा जीव भांड्यात पडला. "हेच लावू. जुनं देव्हाऱ्यात ठिवू गुमान. आईला सांगायचं नाय."

"आन् उद्या सकाळी त्या वाटी घेऊन येतील तवा?" मी विचारलं. "नव्या झाकणाला बी बरोबर मधी भोक हाय. दोन महिन्यांत हे बी बुजंल. मग परत साजापूरचं वळण."

त्यानं नवं झाकण उजेडाला धरून भोक पाहिलं.

"सांगायला लागंल," मी म्हटलं. "मी सांगते."

"तू नगं. तुझ्या तोंडाला ब्रेक नाय."

खरं होतं ते. तरी मीच सांगायचं ठरवलं. गाडीवर मी बसणार होते, नोकरी माझी होती आणि आण माझ्यावर घातलेली होती.

आत्या ओट्यावर लोकर पिंजत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि झाकण त्यांच्या पुढं ठेवलं. हळू बोलायचं असं जीपमध्ये शंभरदा घोकलं होतं. पण त्यांनी माझ्याकडं न बघताच "झाली का कोरडी?" असं विचारलं आणि माझा ताबा सुटला.

"हिथं भोक हाय, आत्या. गाडीला श्वास घ्यायचं. तुमी त्यात भंडारा भरला. आधी रविवारी, मग रोज. ती आतल्या आत फुगली आन् तेल वकली. ते तेल टायरावर आलं."

लोकर पिंजणारे हात थांबले. त्यांनी झाकण उचललं, उन्हात धरलं, उलटं केलं. खालच्या बाजूनं भोकाचं तोंड दिसत होतं, तांबूस लुकणानं बंद. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"म्हंजी मी पाडलं तुला?"

सकाळपासून मी हेच वाक्य घोळवत होते, आणि ते त्यांच्याच तोंडून आलं. त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाय गं आये, तसं कुठं..." मल्हारी मधे पडला.

"तू गप. तिला इचारलं मी."

"व्हय," मी म्हटलं. "पन पाडायला नव्हता लावला तुमी."

त्यांनी झाकण छातीशी धरलं. मी त्यांना सासरे गेले तेव्हाही असं बघितलं नव्हतं. "मल्हारीचा बा म्हनायचा, आता हाच आपला कळप, ह्याला जप," त्या म्हणाल्या. "मी जपत व्हते. पोरगं रोज त्या रस्त्यानं जातं. ट्रका किती. मग तू बी जायला लागलीस. मला दोघांची बी झोप लागंना. मी म्हनलं, अंगठा जरा दाबून लावावा."

मला वाटत होतं यांच्या डोळ्यांत माझी नोकरी खुपते. यांच्या डोळ्यांत तर नुसत्या ट्रका होत्या.

मल्हारीनं पेचकस आणला. आत्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. "लोखंड लावतुस भंडाऱ्याला?" त्या उठल्या, कुंपणाच्या बाभळीचा लांब काटा मोडून आणला आणि झाकण मांडीवर घेऊन कोरायला बसल्या. खालून थोडं, वरून थोडं. कण निघेल तो तळहातावर घ्यायचा, जमिनीवर पडू द्यायचा नाही. थर लई जुना होता. काटा मोडला, दुसरा आणला. मी म्हटलं, द्या मी करते, तर मान हलवून नको म्हणाल्या. शेवटी त्यांनी झाकण ओठांना लावलं आणि फुंकलं. बारीक शिट्टी वाजली. पुन्हा फुंकून खात्री केली. तळहातावरचा चुरा त्यांनी कपाळाला लावला, माझ्या लावला, मल्हारीच्या लावला.

"आता गाडीला नगं," त्या म्हणाल्या. "मानसालाच लावत जाईन. लाव ते झाकन."

मल्हारीनं झाकण बसवलं. मी पावडरचा डबा उपडा केला, उरलीसुरली सगळी उडवली. आता तो एकटा साजापूरपर्यंत जाऊन येणार, असं मला वाटलं. तर आत्यांनी पदर खोचला आणि गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी बसते मागं."

"आये, तू? तू कधी बसलीस का गाडीवर?"

"नाय बसले. हिला बसवायच्या आधी मी बसनार. त्या वळनापोतर ने मला."

केरबांनी आणली त्या दिवसापासून त्या गाडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, मागं कधी बसल्या नव्हत्या. मल्हारीनं स्टँड काढलं, मी त्यांना आडवं बसवून दिलं, पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं. त्यांनी लेकाच्या सदऱ्याची पाठ अशी मुठीत धरली की त्याचा गळा आवळला. "आये, श्वास घेऊ दे," तो म्हणाला. गाडी धूर सोडत निघाली आणि रस्त्याला लागली. त्यांची ताठ पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.

आता मला खरी भीती वाटली. आपण चुकलो असलो तर? दुसरीकडून कुठून तेल आलं तर? वळणावर त्या मागं आहेत, सत्तरीच्या पुढच्या, आणि हे सगळं माझ्या हट्टापायी. द्वारकाबाई कुंपणाशी येऊन काहीतरी विचारत होत्या, मला एक अक्षर कळलं नाही. पहिल्यांदाच मला वाटलं, नको ती नोकरी, दोघं नीट परत येऊ देत.

आवाज आधी आला, मग गाडी दिसली. आत्यांचे केस सुटून तोंडावर आले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्याचं असावं. मल्हारीनं गाडी पुठ्ठ्यावर उभी केली. मी वाकणार तेवढ्यात त्या खाली उतरल्या, मला बाजूला सारलं आणि स्वतः वाकल्या. चेनकडून हात फिरवला, किककडून फिरवला. तळहाताला नुसती पावडर. मग मागच्या टायरवर अख्खा तळहात दाबून ठेवला, उचलला, उलटा करून पाहिला, नाकाशी नेला. धूळ होती. तेल नव्हतं.

तो हात त्यांनी माझ्यापुढं धरला.

"त्या वळनावर पोटात लई गोळा येतो गं," त्या म्हणाल्या. "रोज येतो का तुला?"

"येतो," मी म्हटलं.

"तरी जातीस?"

"जाते."

त्यांनी मान हलवली. हात पदराला पुसून म्हणाल्या, "मंग जाय. मला उठव सकाळी, दोघांच्या भाकरी मी टाकते. तुला गुडघ्यानं बसवनार नाय."

सोमवारी मला जाग आली तेव्हा अजून अंधार होता. त्यांना उठवायला मी उठले, तर चूल पेटलेली होती.